ड्रॉअबॉक्स : पात्रांच्या आधी खोकी

मनातली पात्रे कागदावर उभी करता यावीत, या इच्छेने मी चाळिशीनंतर पेन हाती धरले आणि ‘ड्रॉअबॉक्स’ या संकेतस्थळावरचे चित्रकलेचे मोफत धडे सहा महिने नेटाने गिरवले. येथे मानवी आकृतीचा स्वतंत्र धडा नाही, हे आधीच सांगितले पाहिजे. रेषा, लंबवर्तुळे आणि खोकी यांपासून सुरुवात होते आणि पुढे वनस्पती, कीटक, प्राणी येतात. पहिल्या धड्यानंतर २५० खोकी काढायची असतात, तीही पेनने, आणि प्रत्येक खोक्याच्या एकमेकींना समांतर असलेल्या कडा पुढे वाढवून त्या एका बिंदूकडे झुकतात का, हे तपासायचे असते.

शंभराव्या खोक्याच्या आसपास मी कंटाळलो होतो, पण खरा लाभ तिथूनच सुरू झाला. दादरहून सुटलेल्या लोकलमध्ये पाटी सांभाळत बसलेल्या एका कोळीण मावशींचे रेखाटन करताना, बरगड्यांचा पिंजरा आणि कंबर ही एकमेकांविरुद्ध कललेली दोन खोकी मला प्रथमच स्पष्ट दिसली आणि पदराची घडी नेमकी कुठे दुमडते तेही उमगले. रेषा खांद्यातून ओढण्याचा सराव मात्र घरच्या टेबलावरच करावा. गर्दीत कोपर हलवायलाही जागा नसते.

निम्मा वेळ केवळ आनंदासाठी चित्रे काढावीत, हा तेथील नियम मला विशेष भावला. मानवी शरीरासाठी याच्या जोडीला ‘लाइन ऑफ ॲक्शन’ या संकेतस्थळावरील ३० सेकंदांच्या मुद्रांचा मोफत सराव जरूर करावा.