कोर्ट नाक्याजवळच्या वकीलबाई: पालकत्वाच्या कागदांसाठी साडेतीन तारे

ठाण्यात प्रौढ माणसाच्या पालकत्वाचे कागद करायचे असतील, तर या बाईंकडे एकदा जाऊन या. कोर्टात जायची गरजच नाही, हे सांगून त्यांनी आमचे बरेच पैसे वाचवले.

माझा धाकटा भाऊ बाळू चौतीस वर्षांचा, बौद्धिक अक्षमता आहे. आई गेल्यावर बाबांची रेल्वेची पेन्शन त्याला सुरू करायला गेले, तर बँक म्हणते, कायदेशीर पालक कोण? अठरा पूर्ण झाल्यावर आईवडीलसुद्धा आपोआप पालक राहत नाहीत, तिथे बहिणीचं काय! आधीच्या एका वकिलांनी १८९० च्या गार्डियन्स अँड वॉर्ड्स कायद्याखाली अर्ज करू म्हणून भलामोठा आकडा सांगितला होता. बाई हसल्याच. "अहो, तो कायदा अल्पवयीनांचा. याच्या मिशा बघा!" बाळू लगेच मिशीवरून हात फिरवायला लागला.

आमचा रस्ता म्हणजे १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा, कलम १४. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता एवढ्यांसाठीच हा मार्ग आहे. आमच्यानंतरच्या काकू पक्षाघातानंतर कोमात गेलेल्या यजमानांसाठी आल्या होत्या. त्यांना बाईंनी तिथल्या तिथे सांगितलं, "तुम्हाला ही समिती नाही चालायची, हायकोर्टात रिट करावी लागेल." उगाच फॉर्म भरून घेतला नाही.

मला सगळ्यात आवडलं ते वेगळंच. कागद बघायच्या आधी त्यांनी खुर्ची बाळूकडे वळवली आणि विचारलं, "तुला कुणाकडे राहायचंय?" तो म्हणाला, "ताईकडे. पण रिमोट माझा." बाईंनी तेही डायरीत लिहून घेतलं! आजवर सगळे त्याच्याबद्दल माझ्याशीच बोलत आलेत.

पालक झालं म्हणजे मालक झालं नाही, हेही त्यांनी ठणकावून सांगितलं. नेमणुकीनंतर सहा महिन्यांत त्याच्या मालमत्तेची यादी द्यायची, मग दरवर्षी हिशेब. त्याचं खातं वेगळं, औषधाची पावतीसुद्धा जपून ठेवायची. निरामय योजनेत लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो, हे त्यांनीच सांगितलं. समितीचं प्रमाणपत्र खात्यासाठी चालतं, या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाची प्रतही हातात ठेवली. बँकेतल्या साहेबांना तीच दाखवली.

आता दीड तारा का कापला ते. फोन उचलत नाहीत म्हणजे नाहीत. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आणि येणारे निम्मे अपंग! बाळू कठड्याला धरून कसाबसा चढला. झेरॉक्सचे पैसे वेगळे लावतात, तेही खालच्या दुकानापेक्षा जास्त. झेरॉक्स खालूनच करून न्या. फॉर्म सोपा आहे, घरी भरता येतो. पैसे द्यायचे ते सल्ल्याचे, आणि ते मला तरी जड वाटले नाहीत.