४८के स्पेक्ट्रम, आठ महिने रोजच्या वापरात: एसडी कार्ड नंतर, आधी वीज बघा

सिंक्लेअर कंपनीचा १९८२ चा घरगुती संगणक झेडएक्स स्पेक्ट्रम ४८के (४८ किलोबाइट मेमरीचा) आज रोज वापरता येतो. यात सिंक्लेअरचा वाटा आता काहीच नाही. सुटे भाग चाहतेच बनवतात: कीबोर्डची नवी मेम्ब्रेन (बटणांखालचा पातळ थर), रॅमचे तयार मॉड्यूल, एसडी कार्डावरून गेम लोड करणारे डिव्हएमएमसी उपकरण, इतकेच काय, फेरांटीच्या यूएलए (चित्र आणि कीबोर्ड सांभाळणाऱ्या) चिपच्या जागी बसणारी नवी चिपसुद्धा. भारतात १९८६ पासून परवान्याखाली विकला गेलेला डीबी स्पेक्ट्रम+ माळ्यावर असेल, तर त्यालाही यातले बहुतेक लागू पडते.

पहिला खर्च अडॅप्टरवर करा. मशीनला ९ व्होल्ट लागतात आणि जॅकचा मधला पिन ऋण असतो. हल्लीचे बहुतेक अडॅप्टर नेमके उलटे, म्हणून मीटर लावल्याशिवाय खोचू नका. आतला ७८०५ (५ व्होल्टचा रेग्युलेटर) काढून मी त्या जागी आर-७८ई५.० जातीचा स्विचिंग रेग्युलेटर बसवला. पूर्वी अर्ध्या तासात कीबोर्डची उजवी बाजू चटका बसण्याइतकी तापायची, आता कोमट राहते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर डझनभर आहेत, बहुतेक २२, १ आणि १०० मायक्रोफॅरडचे. काढण्याआधी प्रत्येकाच्या दिशेचा फोटो घ्या, बोर्डावरच्या छपाईवर विसंबू नका.

पडद्यावर नुसते रंगीत पट्टे आणि कॉपीराइटची ओळ गायब असेल, तर खालच्या १६के रॅमकडे बघा. आठ ४११६ चिपांना तीन व्होल्टेज लागतात: पिन १ वर उणे ५, पिन ८ वर १२, पिन ९ वर ५. मीटरचा काळा प्रोब पिन १६ वर. उणे ५ नसेल तर बहुधा टीआर४ ट्रान्झिस्टर गेलेला असतो, आणि चिपा बदलून उपयोग नसतो. नव्याही त्याच वाटेने जातात. आधी टीआर४, टीआर५ आणि शेजारची कॉइल तपासा. वरची ३२के रॅम मात्र गुपचूप मरते. मशीन सुरू होते, आणि मेमरीचा शेवट कुठे ते विचारणाऱ्या PRINT PEEK 23732+256*PEEK 23733 ला ६५५३५ ऐवजी ३२७६७ उत्तर येते.

चित्रासाठी मॉड्युलेटर (टीव्हीच्या अँटेनासाठी सिग्नल बनवणारी डबी) बायपास करून थेट कंपोझिट व्हिडिओ काढणे दहा मिनिटांचे काम. आपल्याकडचे टीव्ही पॅल असल्याने रंग लगेच येतात. लाल-हिरव्याच्या सीमेवर ठिपके सरकताना दिसतात, तो बिघाड नव्हे.

डिव्हएमएमसीने मशीनचा कायापालट होतो. कॅसेटवर पाच मिनिटे घेणारा गेम दोन-तीन सेकंदांत हजर. ईएसएक्सडॉस या त्याच्या सॉफ्टवेअरची कार्डावरची आवृत्ती चिपमधल्या आवृत्तीशी तंतोतंत जुळली पाहिजे, नाहीतर सुरुवातीलाच अडते. पण मशीन मारणारेही हेच उपकरण. वीज चालू असताना त्याचा मशीनच्या मागे खोचायचा एज कनेक्टर लावला, काढला किंवा नुसता हलला, तरी शेजारच्या पट्ट्या एकमेकींना टेकतात. आणि पहिला बळी कोणाचा, तर त्याच टीआर४ चा. स्लॉटमधली प्लास्टिकची चावी (कनेक्टर सरळ बसवणारी छोटी पट्टी) जागेवर आहे ना, ते बघा. ती नसलेले स्वस्त बोर्ड फुकट मिळाले तरी घेऊ नयेत.

कीबोर्डचे निदान मजेदार आहे. Q-W-E-R-T सारखी ओळीतली सलग पाच बटणे एकदम बंद पडली, तर मेम्ब्रेनच्या आठ तारांच्या रिबनमधली एक तुटली. 1, Q, A, कॅप्स शिफ्ट, 0, P, एंटर, स्पेस अशी आठ गेली, तर पाच तारांच्या रिबनमधली. तडा टोकाशी असेल तर तेवढे चार-पाच मिलिमीटर कापून पुन्हा खोचा. टोकापासून दूरचा तडा नवी मेम्ब्रेन मागणारच. झाकण झटक्यात उघडले की जुन्या रिबना हमखास तुटतात. स्पेक्ट्रम+ ची मेम्ब्रेन वेगळी आणि जास्त नाजूक असते, मागवताना मॉडेल सांगा.

एक उणीव राहते. स्वतःचा वेगळा लोडर (टेपवरून गेम मेमरीत आणणारा छोटा प्रोग्राम) असलेल्या टेप एसडी कार्डावरून चालत नाहीत, कारण टॅप फाइल (टेपची कार्डावरची नक्कल) रॉममधल्या लोडिंग रूटीनवर अवलंबून असते. अशा वेळी झेड८० स्नॅपशॉट (मेमरीत आलेल्या गेमची पूर्ण नक्कल) घ्या, किंवा फोनचा आवाज पूर्ण करून कॅसेट प्लेयरसाठीच्या ईअर सॉकेटमधून लोड करा. फोन एअरप्लेन मोडवर ठेवा. चौथ्या मिनिटाला एखादा मेसेज टुणकन वाजला की R Tape loading error, आणि पुन्हा पहिल्यापासून.