टूरचा मार्ग ओळखायचाय? मग मिशेलिनचा 333 नंबरचा नकाशा घ्या

ऑक्टोबरमध्ये पॅरिसच्या पाले दे काँग्रे सभागृहात पुढच्या टूर द फ्रान्सचा, म्हणजे जुलैतल्या मोठ्या सायकल शर्यतीचा मार्ग जाहीर होतो. त्याआधीचे महिने माझ्यासारख्यांचे अंदाज बांधण्यात जातात. कुठल्या महापौरांनी काय सूचक बोललं, कुठल्या स्की-गावातली हॉटेलं जुलैच्या नेमक्या कुठल्या रात्री भरली, यावरून तर्क लढवायला सगळ्यांनाच आवडतं. मलाही. पण अशा बातम्यांतून गावं कळतात, दोन गावांमधला रस्ता कळत नाही. तो शोधायला मी मिशेलिनचा कागदी नकाशा वापरते: क्रमांक 333, फ्रेंच आल्प्समधले ईझेर आणि साव्हुआ हे जिल्हे.

प्रमाण 1:150000, म्हणजे एका सेंटिमीटरला दीड किलोमीटर. टेबलावर पूर्ण उलगडला की ग्रेनोबलपासून इटलीच्या सीमेपर्यंतचे डोंगर एकदम समोर येतात. फोनवर हे जमत नाही. एक घाट मोठा करून बघावा तर शेजारची दरी पडद्याबाहेर जाते. आणि टूरचा मार्ग ओळखायचा तर आधी दऱ्याच ओळखाव्या लागतात.

या नकाशावर त्या लख्ख दिसतात. उत्तरेला ईझेर नदीची तारांतेझ, मध्ये आर्क नदीची मोरिएन, दक्षिणेला रोमांशची दरी. खालून लांबचा वळसा घालायचा नसेल तर तारांतेझमधून मोरिएनमध्ये यायला मादलेन घाट, नाहीतर पार वरच्या टोकाचा इझरान. मोरिएनमधून रोमांशकडे यायला क्रुआ द फेर किंवा ग्लाँदाँ, नाहीतर तेलेग्राफ चढून गालिबिए. मोठे डांबरी रस्ते बस एवढेच. म्हणजे एखाद्या टप्प्याची, म्हणजे एका दिवसाच्या शर्यतीची, सुरुवात आणि शेवट कळला की मधल्या घाटांसाठी दोन-तीनच जोड्या उरतात. 2026 चा 20 वा टप्पा याच कागदावर बोट फिरवून बघा. बूर द्वाझाँहून निघायचं, क्रुआ द फेरवरून मोरिएनमध्ये उतरायचं, तेलेग्राफ आणि गालिबिएवरून परत रोमांशच्या दरीत यायचं, शाँबाँ धरणापाशी उजवीकडे वळून सारेन खिंडीमार्गे मागच्या अंगाने डोंगरावरचं आल्प द्युएझ हे स्की-गाव. नकाशावर हे एक पूर्ण कडं आहे. आदल्याच दिवशी शर्यत आल्प द्युएझला नेहमीच्या रस्त्याने चढवायची आणि दुसऱ्या दिवशी मागून आणायची, ही कल्पना आखणाऱ्यांना सुचली याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

नकाशातली माझी सर्वांत आवडती खूण म्हणजे रस्त्यावरचे छोटे बाण. बाणाचं टोक चढाच्या दिशेला. एक बाण असेल तर चढ 5 ते 9 टक्के, दोन असतील तर 9 ते 13, तीन दिसले तर 13 च्या वर. पिवळ्या किंवा पांढऱ्या बारीक रस्त्यावर दोन-तीन बाण दिसले की मी पेन्सिलीने गोल करते, कारण आयोजकांना गेल्या काही वर्षांत असेच आडवाटेचे तीव्र चढ हवे असतात. उंच खिंडींजवळ बर्फामुळे रस्ता कुठल्या महिन्यांत बंद राहतो तेही छापलेलं आहे. गावांमधली अंतरं आकड्यांत दिलेली असल्यामुळे टप्प्याची लांबी कागदावरच जुळवता येते. जिथे आकडा नाही तिथे मी शिवणाचा दोरा रस्त्यावरून फिरवून मोजते. सरळ दरीत दोरा चांगली साथ देतो. हेअरपिन वळणांत मात्र पंचाईत. सँ-झाँ-द-मोरिएनजवळची मोंवेर्निएची वळणं घ्या, टूर तिथे पहिल्यांदा 2015 मध्ये गेली. 3.4 किलोमीटरचा चढ, सरासरी 8 टक्क्यांच्या वर, आणि कागदावर सगळा मिळून नखाएवढ्या जागेत मावतो. भिंग लावलं तरी वळणं मोजता येत नाहीत. या प्रमाणात याहून जास्त अपेक्षा करणं बरोबर नाही, पण घेणाऱ्याला हे आधी ठाऊक असावं. दुसरं म्हणजे 5 ते 9 टक्के हा पट्टा मोटारवाल्यांना पुरतो, सायकलवाल्यांना फार ढोबळ पडतो. 5 टक्क्यांवर घोळका एकत्र राहतो, 9 वर फुटतो. चढाचा किलोमीटरनिहाय आलेख ऑनलाइन बघावाच लागतो.

आवृत्ती नवीच घ्या. जुनी स्वस्तात मिळाली तरी नको. मेरिबेल आणि कुर्शव्हेलच्या मधला कोल द ला लोझ हा घाट, उंची 2304 मीटर, टूरने पहिल्यांदा 2020 मध्ये गाठला, आणि तिथली सायकलींसाठीची डांबरी वाट त्याच्या थोडीच आधी झाली होती. जुन्या कागदावर ती सापडणार नाही.

आणि काही गोष्टी कुठल्याच नकाशात सापडत नाहीत. एप्रिल 2015 मध्ये शाँबाँ धरणाजवळच्या बोगद्यावर डोंगर सरकू लागला, रस्ता बंद झाला, आणि मोदान ते आल्प द्युएझ या टप्प्यातून गालिबिए काढून क्रुआ द फेर घालावा लागला. 2025 मध्ये तर सेझी खिंडीजवळच्या गुरांमध्ये लंपी त्वचारोग निघाला म्हणून ला प्लान्यचा टप्पा छोटा केला. असे दिवस आले की अंदाज चुकल्याचं वाईट वाटत नाही, वाईट वाटतं ते त्या पशुपालकांचं.

आता 2027. सुरुवात एडिनबर्गला, शुक्रवारी 2 जुलैला, आणि पहिले तीन टप्पे ब्रिटनमध्ये. मला हे थेट 2022 सारखं दिसतं. तेव्हाही शुक्रवारी कोपनहेगनहून निघून तीन दिवस डेन्मार्क, सोमवारी प्रवास, मंगळवारी उत्तर फ्रान्स, मग दुसऱ्या आठवड्यात आल्प्स आणि शेवटच्या आठवड्यात पिरेनीज. 2024, 2025 आणि 2026 या तिन्ही वर्षी शेवटचे मोठे घाट आल्प्समध्येच आहेत. त्यामुळे 2027 मध्ये शेवट पिरेनीजला जाईल असं मी पैजेवर सांगते.

तसं झालं तर आल्प्समध्ये काय? माझं बोट इझरानवर येऊन थांबतं. 2764 मीटर. 26 जुलै 2019 ला कोलंबियाचा सायकलपटू एगान बेर्नाल वर पोचला तेव्हा पलीकडे गारा पडून चिखल रस्त्यावर आला होता. टप्पा तिथेच थांबवला, वेळा खिंडीच्या माथ्यावरच्या धरल्या, आणि एकूण वेळेत आघाडीवर असणाऱ्याची पिवळी जर्सी त्याच्याकडे गेली. हा घाट नीट शेवटपर्यंत लढला जावा ही माझी मनापासूनची इच्छा आहे. नकाशा बघितला तर दिशाही ठरते. तारांतेझकडून चढवला तर पलीकडे बोनव्हालपासून मोदानपर्यंत चाळीसहून अधिक किलोमीटर दरीतून धावावं लागतं. एकटा पुढे गेलेला रायडर तिथे हमखास पकडला जाणार. मोरिएनकडून चढवला तर बोनव्हाल सोडल्यावर थेट चढ, माथा, आणि उतरून व्हाल दिझेरमध्ये शेवट. मधे दम घ्यायला जागा नाही. माझं मत या दुसऱ्या दिशेला. धोका हवामानाचा. 1996 मध्ये 8 जुलैला याच कारणाने इझरान आणि गालिबिए दोन्ही गाळून व्हाल दिझेर ते सेस्ट्रिएर टप्पा 46 किलोमीटरवर आणला होता.

कुणी घ्यावा? ज्याला फक्त जाहीर झालेला मार्ग बघायचाय त्याला गरज नाही, टूरच्या वेबसाइटवर सगळं मिळतं. ज्याला आधी स्वतः आखून बघायचंय त्याने डोळे झाकून घ्यावा. इझोआर आणि ग्रानाँ या घाटांसाठी सोबत 334 लागेल, शेजारच्या ओत-साव्हुआ जिल्ह्यासाठी 328. पिरेनीजचा माझा अंदाज तपासायला 342 आणि 343. चार-पाच नकाशांचा खर्च एकदम नको असेल तर 333 पासून सुरुवात करा, कारण आल्प्समधली निम्मी भांडणं याच कागदावर सुटतात. पाचपैकी साडेचार तारे. अर्धा कापला तो त्या 5 ते 9 टक्क्यांच्या एकट्या बाणासाठी.