ड्रॉटनिंगहोम की चेस्की क्रुमलोव? राजवाड्यातलं नाट्यगृह निवडताना

अठराव्या शतकातलं दरबारी नाट्यगृह, तेही रंगमंचाच्या यंत्रांसकट बघायचं, तर युरोपात दोन नावं हमखास पुढे येतात: स्टॉकहोमजवळचं ड्रॉटनिंगहोम आणि चेक प्रजासत्ताकातलं चेस्की क्रुमलोव. दोन्हींचं आजचं रूप १७६६ सालचं, त्यामुळे जुनेपणावरून निवड होणार नाही. तुम्हाला प्रयोग बघायचाय की नाट्यगृह, एवढंच आधी ठरवा.

प्रयोगासाठी ड्रॉटनिंगहोमच. १७९२ मध्ये स्वीडनचा राजा तिसरा गुस्ताव याची हत्या झाली आणि इथली वर्दळ संपली. पुढे अडगळ ठेवायला वापरली जाणारी ही वास्तू १९२१ मध्ये आग्ने बेयर या अभ्यासकाने पुन्हा उजेडात आणली. मधल्या काळात आधुनिकीकरणाचं कुणाच्या मनात आलं नाही, म्हणून रंगमंचाखालचे दोरखंड आणि लाकडी चाकं शाबूत राहिली. (दुर्लक्षाचाही असा फायदा होतो!) आता उन्हाळ्यात तिथे ऑपेरा होतात. पडदा न पाडता, प्रेक्षकांदेखत विंगा (रंगमंचाच्या दोन्ही बाजूंच्या रंगवलेल्या चौकटी) सरकतात आणि काही सेकंदांत महालाच्या जागी बाग उभी राहते. खाली माणसं रहाट फिरवत असतात. लाटा, वारा, ढगांचा गडगडाट, सगळं हातानेच. दिसणारे देखावे मात्र बहुतेक नकला आहेत, मूळ रंगवलेले कापड जपून ठेवलं आहे. बाकं अवघडवणारी आहेत आणि वातानुकूलनाची अपेक्षा ठेवू नका. प्रयोग नसला तर मार्गदर्शकासोबतची फेरी घेता येते.

क्रुमलोवला प्रयोग अगदी क्वचित होतात, त्यामुळे त्या भरवशावर प्रवास आखू नये. तिथली खरी श्रीमंती साठ्यात आहे: देखाव्यांच्या जोडीला पोशाख, रंगमंचावरचं सामान, दिव्यांची साधनं, संहिता. नाट्यकलेच्या अभ्यासकाला मी डोळे झाकून इथेच पाठवेन. १९६६ मध्ये बंद झालेलं हे नाट्यगृह १९९७ पासून पुन्हा दाखवलं जातं. लहान गटात, मार्गदर्शकासोबतच आत सोडतात. हिवाळ्यात फेऱ्या नसतात आणि आत फोटो काढता येत नाहीत.

पोहोचायला ड्रॉटनिंगहोम सोपं. स्टॉकहोमहून मेट्रोने ब्रोमाप्लान, तिथून बस. उन्हाळ्यात बोटही जाते. क्रुमलोव प्रागहून बसने सुमारे तीन तासांवर, म्हणून मुक्काम केलेला बरा. तिकीट काढताना एक बघा: क्रुमलोवच्या किल्ल्याच्या बागेत स्वतःभोवती गोल फिरणारं प्रेक्षागृहही आहे. ते विसाव्या शतकातलं, या नाट्यगृहाशी त्याचा संबंध नाही.