अलिबागची जमीन, ‘आपली चावडी’ आणि जाहीर नोटिशीचं पान

अलिबाग तालुक्यातल्या जमिनीबद्दल हल्ली जे वाचायला मिळतं ते बहुतेक विकत घेणाऱ्यांसाठी लिहिलेलं असतं. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडवा तासाभरात, अटल सेतू झाला, रेवस-करंजा पूल होतोय, एनए प्लॉट, समुद्र चालत पाच मिनिटं. जिच्या माहेरची वाडी तिथे आहे आणि सातबाऱ्यावर जिचं नाव भावांच्या खाली कुठेतरी लागलेलं आहे, तिच्यासाठी मात्र कोणी चार ओळी लिहीत नाही. माझं माहेर अष्टागरातलं (म्हणजे अलिबागच्या किनाऱ्याच्या पट्ट्यातलं), राहते डोंबिवलीत. नारळी-पोफळीची वाडी, मधोमध विहीर, आणि आजोबांपासून वाटप न झालेलं सामाईक क्षेत्र. अशा जमिनीवर काय चाललंय हे दूर राहून कळण्याच्या ज्या दोन सोयी मी वापरते, त्यांच्याबद्दल हे लिहिते आहे.

पहिली म्हणजे राज्याच्या भूमी अभिलेख विभागाची ‘आपली चावडी’. महाभूमीच्या डिजिटल सातबारा संकेतस्थळावर ती आहे. पैसे पडत नाहीत, खातं उघडावं लागत नाही. जिल्हा, तालुका, गाव निवडायचं, पडताळणीसाठी दिसणारे आकडे टाकायचे, की गावात सध्या चालू असलेल्या फेरफारांची, म्हणजे जमिनीच्या नोंदीतल्या बदलांची, यादी समोर येते. फेरफार क्रमांक, फेरफाराचा प्रकार, तारीख, हरकत नोंदवण्याची शेवटची तारीख आणि सर्व्हे किंवा गट क्रमांक. शेजारी ‘पहा’ आहे. त्यावर बोट ठेवलं की अख्खी नोटीस उघडते: कोणी दिलं, कोणी घेतलं, कोण मयत, वारस कोण, क्षेत्र किती.

याचं मोल कळायला फेरफार कसा होतो ते माहीत हवं. जमिनीवर काही बदल झाला, म्हणजे खरेदीखत झालं, कोणी वारलं, हक्कसोडपत्र झालं, बँकेचा बोजा चढला, की तलाठी (आता त्यांचं पद ग्राम महसूल अधिकारी झालं आहे) फेरफार रजिस्टरला नोंद धरतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 150 प्रमाणे त्या नोंदीची प्रत चावडीवर लावायची आणि हितसंबंधितांना नोटीस द्यायची असते. हरकतीला 15 दिवस. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि सातबारा बदलतो. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदलं की त्याची माहिती आता ऑनलाइनच तलाठ्याकडे जाते, त्यामुळे नोंद धरायला पूर्वीसारखे महिने लागत नाहीत. घेणाऱ्याच्या दृष्टीने हे उत्तमच. दूर राहणाऱ्या हिस्सेदाराला मात्र पूर्वी जो वेळ आपसूक मिळायचा तो आता मिळत नाही.

चावडीच्या भिंतीवर चिकटवलेला कागद गावात राहणारा वाचतो. पत्राने येणारी नोटीस जुन्या पत्त्यावर जाते. लग्न होऊन नाशिकला, ठाण्याला, बडोद्याला गेलेल्या मुलींचा पत्ता महसुली दप्तरात माहेरचाच राहिलेला असतो आणि ती नोटीस माहेरच्या घरात कोणाच्या हाती पडेल ते सांगता येत नाही. म्हणून भिंतीवरचा तोच कागद मोबाईलवर दिसणं ही माझ्या मते गेल्या काही वर्षांत जमिनीच्या कारभारात झालेली सगळ्यात न्यायाची गोष्ट आहे.

आमच्याच घरातलं सांगते. चुलते गेले. काही महिन्यांनी गावाच्या यादीत आमचा गट नंबर दिसला, प्रकार ‘वारस’. नोटीस उघडली तर वारस म्हणून दोन मुलगे आणि काकू. मुलीचं नाव नव्हतंच. माझी ही चुलत बहीण नाशिकला असते. तिला फोन केला तर ती म्हणाली, “ताई, मला कोणी काहीच बोललं नाही गं. दादा म्हणाला होता, कागदाचं मी बघतो.” तिने रागावून भावाला फोन केला नाही, हे तिने फार बरं केलं. शाळा सोडल्याचा दाखला, वडिलांचा मृत्यूचा दाखला, जुनं रेशन कार्ड आणि एका पानाचा अर्ज घेऊन मुदतीच्या आत गेली, हरकत दिली, पोच घेतली. नोंद ‘तक्रारी’, म्हणजे वादातली, झाली, मंडळ अधिकाऱ्यांपुढे सुनावणी लागली. तिथे भावांनीही बहीण वारस असल्याचं कबूल केलं आणि तिचं नाव लागलं. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे हे आता सगळ्यांना तोंडपाठ असतं. पण सातबाऱ्यावर नाव लागण्यासाठी ते त्या 15 दिवसांत कोणीतरी कागदावर मांडावं लागतं. तिचं नाव तेव्हा राहिलं असतं तर पुढे प्रांताधिकाऱ्यांकडे अपील, त्याला 60 दिवसांची मुदत, मुदत गेली तर विलंब माफीचा अर्ज, आणि तोवर भावांच्या नावावरून एखादं साठेखत (विक्रीचा करार) झालेलं.

तेव्हा ‘आपली चावडी’ला माझ्याकडून पुरे गुण. फक्त तिच्याकडून काय मिळत नाही तेही नीट समजून घ्या. यादी आपण होऊन उघडून पाहावी लागते. मी दर आठवड्याला पाहते. शिवाय ही बातमी व्यवहार झाल्यानंतरची आहे. खरेदीखत झालेलं असतं, पैसे दिलेले असतात, आणि हरकतीने ते खरेदीखत रद्द होत नाही. मालकीचा वाद शेवटी दिवाणी कोर्टातच सुटतो. सातबाऱ्यावरची नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरतात, एवढंच कायदा म्हणतो.

व्यवहार व्हायच्या आधीची बातमी हवी असेल तर गावचा पेपर लागतो. ही दुसरी सोय, आणि ही मला जास्त जवळची. आमच्या घरी ‘कृषीवल’ यायचा, अजून येतो. नारायण नागू पाटलांनी तो 1937 मध्ये काढला, अलिबाग तालुक्यातल्या चरी गावच्या कुळांचा खोतांविरुद्धचा संप चालू असताना. 1933 ते 1939, सहा वर्षं त्या शेतकऱ्यांनी जमीन कसली नाही. ज्या वर्तमानपत्राचा जन्मच जमीन कोणाची या भांडणातून झाला, त्यात आज आतल्या पानावर मौजे थळ, मौजे किहीम, मौजे चौल अशा जाहीर नोटिसा येतात, आणि माझे वडील पहिल्या पानाच्या आधी त्या वाचत. “तमाम लोकांस कळविण्यात येते की” पासून चतुःसीमांपर्यंत मोठ्याने. पूर्वेस अमुक यांची वाडी, पश्चिमेस समुद्राकडे जाणारी पाखाडी. त्या चार दिशांवरून जमीन कोणती आणि देणारा कोण हे आईला लगेच कळायचं, गट नंबरची गरजच नाही.

वकील ही नोटीस देतात ती खरेदीदाराच्या वतीने, मालकीहक्क तपासताना. वारसा, गहाण, दान, बक्षीस, वहिवाट, कसलाही हक्क असेल तर बहुधा 14 दिवसांत लेखी पुराव्यासह कळवा, नाहीतर हक्क सोडून दिला असं समजू, असा मजकूर असतो. या शेवटच्या वाक्याला बायका फार घाबरतात. पेपरातली नोटीस वाचली नाही म्हणून कोणाचा हिस्सा बुडत नाही. पण खरेदीदाराला पुढे ‘मी सचोटीने चौकशी केली होती’ असं म्हणायला तिचा आधार होतो, म्हणून वाचली तर उत्तर द्यावंच. साध्या भाषेत, सातबाऱ्याची प्रत जोडून, स्पीड पोस्टाने. खरेदीखतापूर्वी गेलेल्या अशा एका पत्राने जे काम होतं ते नंतर कोर्टात वर्षं घालवून होत नाही. कोणताही शहाणा खरेदीदार वादातली जमीन बाजारभावाने घेत नाही.

माझी खरी तक्रार आहे ती नोटीस कुठे छापतात याबद्दल. अलिबागच्या जमिनीची नोटीस मुंबईच्या अशा एखाद्या कमी खपाच्या पेपरात द्यायची, जो आमच्या गावात एकही माणूस घेत नाही, हा प्रकार सर्रास चालतो. चौकशी केल्याचा कागद फाईलला लागतो आणि कळायला हवं त्याला कळत नाही. अलिबागजवळच्या आक्षीत रस्त्यालगत सापडलेला शिलालेख शके 934 चा, म्हणजे इ. स. 1012 चा मानतात. त्यात महालक्ष्मीच्या बोडणासाठी (देवीच्या एका विधीसाठी) दिलेल्या धान्याच्या दानाची नोंद आहे. दिलं-घेतलेलं सगळ्यांना दिसेल अशा जागी मांडायचं, ही रीत आमच्या पट्ट्यात हजार वर्षांची आहे. तुम्ही विकत घेणारे असाल तर वकिलाला स्पष्ट सांगा, नोटीस तालुक्यात वाचल्या जाणाऱ्या पेपरातच हवी. त्यात तुमचंही संरक्षण आहे.

विकत घेणाऱ्यांसाठी आणखी थोडं. ‘आपली चावडी’ पाहून नोंद स्वच्छ दिसली म्हणून निर्धास्त होऊ नका. शेतजमीन असेल तर 1948 च्या कूळ कायद्याचं कलम 63 आधी बघा. शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय ती घेता येत नाही. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात ‘कलम 43’ लिहिलेलं असेल तर ती कुळाला मिळालेली जमीन आहे, तिच्या विक्रीला अटी आहेत. आणि सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाचे निर्बंध, सातबाऱ्यावर शोधून सापडेलच असं नाही. 2019 च्या अधिसूचनेप्रमाणे ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून दाट वस्तीच्या भागात 50 मीटर, विरळ वस्तीच्या भागात 200 मीटर ना-विकास क्षेत्र आहे, आणि गाव कशात मोडतं ते किनारा व्यवस्थापनाच्या मंजूर नकाशावरून ठरतं. “समोर बंगला झालाय ना, मग तुमचाही होईल” हे दलालाचं उत्तर ऐकून घेऊ नका. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं, दलाल गुंठ्यात बोलतो. एक आर आणि एक गुंठा जवळपास सारखेच, गुंठा 1089 चौरस फुटांचा. क्षेत्र जुळलं तरी जागेवर बांध कुठे आहे ते सातबारा सांगत नाही, त्याला मोजणीच लागते.

माहेरवाशिणींनी मात्र एवढं आजच करावं. आपल्या गटाचा नंबर माहीत नसेल तर आधी आई-वडिलांच्या नावाने 8अ काढा, त्यावर खात्यातले सगळे गट एकत्र दिसतात. त्या प्रत्येकाचा डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत मिळतो. तो काढून ठेवा, तारखेसकट. मग ‘आपली चावडी’त गावाची यादी उघडा आणि आपला गट शोधा. दिसला, तर सगळ्यात आधी हरकतीची शेवटची तारीख लिहून घ्या, फोन नंतर करा.