लिनक्स मिंट २२ सिनॅमन : काही महिन्यांच्या वापरानंतर, मुख्यतः 'ल'बद्दल

लॅपटॉपवर मिंट (लिनक्सची एक मोफत ऑपरेटिंग सिस्टिम, सिनॅमन हा तिचा डेस्कटॉप) टाकलं त्या दिवसापासून डोळ्यांत खुपला तो 'ल'. फाइलींच्या नावांत, टेक्स्ट एडिटरमध्ये, खिडक्यांच्या मथळ्यांवर, सगळीकडे हिंदी वळणाचा दंडयुक्त ल आणि जोडीला हिंदी वळणाचाच श. मी मुद्रितशोधन करते, अक्षरं निरखणं हेच माझं काम. राज्य शासनाने २००९च्या निर्णयात मराठीसाठी या दोन अक्षरांची रूपं ठरवून दिली आहेत आणि आमच्या पुस्तकांत पाकळीयुक्त लच लागतो. पडद्यावर एक रूप आणि कागदावर दुसरं, असं दिवसभर चाललं की नजर बोथट होते. म्हणून मिंटच्या बाकीच्या गुणांआधी हेच लिहिते.

दोष फॉन्टचा नाही. नोटो सान्स देवनागरीत दोन्ही रूपं आहेत, लोहित देवनागरीतही आहेत (हा लोहित रेड हॅटच्या पुण्यातल्या मंडळींनी वर्षानुवर्षं सांभाळला). मजकूर मराठी आहे एवढं फॉन्टला कळलं की तो मराठी ल देतो. प्रश्न कळवायचं कोणी, हा. लिबर ऑफिसमध्ये भाषेच्या पर्यायांत 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट'पुढे मराठी निवडायचं, काम झालं. फायरफॉक्समध्ये पान बनवणाऱ्याने भाषा नीट नोंदवली असेल तर आपोआप होतं. पण सिनॅमनच्या खिडक्या, निमो (फाइली पाहण्याचा प्रोग्राम) आणि एडिटर यांतली अक्षरजुळणी पँगो नावाचा भाग करतो. त्याचा नियम असा की देवनागरी मजकूर आला आणि भाषा कुठेच सांगितलेली नसली, तर ती हिंदी धरायची. अख्खा इंटरफेस मराठी केला की ल सुधारतो, पण भाषांतर अपुरं असल्यामुळे मेनू अर्धे मराठी, अर्धे इंग्रजी होतात. शिवाय अडचणींची उत्तरं इंग्रजीतच सापडतात, तेव्हा सेटिंगची नावंही मला इंग्रजीत हवीत.

सुरुवातीला माझं मत कडवट होतं. मिंट सोपं आहे, पण बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर जो माणूस होता त्याच्यासाठी सोपं, असं मी दोघा-तिघांना सांगितलंही. आता ते मत तसंच राहिलेलं नाही.

लॅपटॉप सातव्या पिढीच्या आय-फाइव्हचा. विंडोज ११च्या यादीत तो बसत नाही आणि विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. मला पानामागे पैसे मिळतात. धडधाकट यंत्र कुणाच्या यादीत नाही म्हणून टाकून द्यायचं, हे मला मान्य नाही. जवळच्या दुरुस्तीच्या दुकानात बॅटरी बदलायला गेले तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, लिनक्स आहे, आधी विंडोज टाकून आणा." बॅटरीचा आणि ऑपरेटिंग सिस्टिमचा काय संबंध? वाद घातला, लॅपटॉप उचलला आणि दुसरीकडे बॅटरी बसवून घेतली.

मिंटआधी घरच्या दुसऱ्या मशीनवर गनोम आणि केडीई हे लिनक्सचे दुसरे दोन डेस्कटॉप वापरून पाहिले होते. गनोममध्ये निर्णय बनवणाऱ्यांनी घेतलेले असतात. खिडकी मिनिमाइझ करायचं बटणसुद्धा मुळात नसतं, ते आणायला 'ट्विक्स' हे वेगळं साधन लागतं. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते आणि एक्स्टेन्शन (सोयी वाढवणारी जोडणी) बनवणाऱ्याने ती तपासून आधार जाहीर करेपर्यंत ते एक्स्टेन्शन बंद पडतं. केडीईत उलट, सगळंच बदलता येतं. मला तिथे दमायला झालं, पण ज्यांना आवडतं त्यांच्याशी माझं भांडण नाही. सिनॅमनचा जन्मच २०११च्या गनोम ३ वरच्या नाराजीतून झाला आणि तो या दोघांच्या मधे उभा आहे. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमधून दोन-चार क्लिकमध्ये मिळाला, वेगळं काही उतरवावं लागलं नाही. पॅनेलची (पडद्याच्या कडेच्या पट्टीची) उंची, घड्याळाची मांडणी, सगळं उजव्या क्लिकवर.

मिंटने स्वतःचा निर्णय लादल्याचंही एक उदाहरण आहे. उबंटू या दुसऱ्या लिनक्सवर उभं असूनही मिंट २० पासून, म्हणजे २०२० पासून, स्नॅप (उबंटूची प्रोग्राम बसवण्याची पद्धत) बंद ठेवलेलं आहे. पण ते बंद करणारी फाइल एका ठराविक फोल्डरमध्ये उघड ठेवली आहे. ती काढली की स्नॅप बसवता येतं आणि हे मिंटच्याच मार्गदर्शिकेत लिहिलंय. निर्णय घ्यावा तर असा घ्यावा.

मग एका सकाळी पॅनेल गायब. सिनॅमन कोसळून फॉलबॅक मोडमध्ये (कामचलाऊ स्थितीत) गेल्याची सूचना, आणि पुन्हा सुरू केलं तरी तेच. कारण होतं पॅनेलवर बसणारा एक छोटा प्रोग्राम, म्हणजे बाहेरच्या कुणी लिहिलेलं एक हौशी अ‍ॅपलेट. अशा वेळी सगळे टाइमशिफ्टचं (सिस्टिमची आधीची स्थिती परत आणणाऱ्या साधनाचं) नाव घेतात. टाइमशिफ्ट उत्तमच आहे, पण ते मुळात सिस्टिमच्या फाइली मागे नेतं, होम फोल्डरला हात लावत नाही. आपण उतरवलेली अ‍ॅपलेटं मात्र होममध्येच, लपवलेल्या 'लोकल' फोल्डरच्या पोटात राहतात. त्यामुळे इथे उपाय वेगळा: टर्मिनलमधून त्या अ‍ॅपलेटचा फोल्डर काढायचा आणि पुन्हा लॉग इन करायचं. पॅनेल परत आलं. हे नवख्या माणसाला सुचणार नाही. बाहेरची अ‍ॅपलेटं बंद ठेवून सुरू होण्याचा पर्याय त्या सूचनेतच असतो; नवख्याने आधी तो वापरून पाहावा.

त्या निमित्ताने लपवलेल्या फाइलींत शिरले आणि 'ल'चं उत्तर मिळालं. पँगोला भाषांचा क्रम सांगता येतो. होम फोल्डरमधल्या 'प्रोफाइल' या लपवलेल्या फाइलीत एक ओळ घालायची: 'एक्स्पोर्ट', मग 'पँगो' आणि 'लँग्वेज' हे शब्द मोठ्या रोमन लिपीत अंडरस्कोअरने जोडून, बरोबरचं चिन्ह, आणि पुढे इंग्रजी व मराठीचे दोन-अक्षरी कोड कोलनने जोडून. बाहेर पडून पुन्हा आत आले. इंटरफेस इंग्रजी आणि प्रत्येक ल पाकळीचा! निमो उघडून फाइलींची नावं नुसती वाचत बसले. एवढा आनंद कुठल्याही वेगवान प्रोसेसरने दिला नव्हता.

म्हणून मत बदललं. माझ्यासारखीची गरज कुणीतरी आधीच ओळखून त्यासाठी वाट ठेवली होती. पण ती वाट एका ओळीची असून खिडकीत नाही, ही तक्रार कायम आहे. मिंटच्या 'लँग्वेजेस' खिडकीत भाषा, प्रदेश, वेळेची मांडणी हे पर्याय आहेत. तिथेच 'देवनागरी मजकुराची भाषा' असा आणखी एक पर्याय हवा. मराठीइतकाच तो नेपाळीच्याही कामाचा. अशी विनंती मी प्रकल्पाकडे नोंदवली आहे आणि लॅपटॉपचे जे पैसे वाचले त्यातले थोडे देणगी म्हणून पाठवले.

कुणी घेऊ नये? ज्यांचे प्रकाशक अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या इनडिझाइन फाइली पाठवतात त्यांनी. इनडिझाइन हे पानमांडणीचं सॉफ्टवेअर लिनक्सवर येत नाही. मी अशा कामांची पीडीएफ मागवते आणि दुरुस्त्या त्यावरच करते. लिनक्सवरचं पानमांडणीचं साधन स्क्रायबस १.६ देवनागरी नीट मांडतं, पण इनडिझाइनच्या मूळ फाइली ते उघडत नाही. बाकी लिहिणं-वाचणं, बँक, पत्रव्यवहार करणाऱ्यांनी खुशाल टाकावं. २२च्या मालिकेला एप्रिल २०२९ पर्यंत सुरक्षेचे अपडेट आहेत, आणि तोवर हा लॅपटॉप मी बदलणार नाही.