भुईमुगाच्या लाइन्स आणि क्रॉपग्रो मॉडेल: नऊ महिने वापरल्यावर

नऊ महिने झाले, डीसॅट (पिकांच्या वाढीचं गणित मांडणारं सॉफ्टवेअर) यातलं भुईमुगाचं क्रॉपग्रो-पीनट मॉडेल आमच्या ब्रीडिंग लाइन्सवर, म्हणजे नवीन वाण काढायला तयार केलेल्या वंशांवर चालवतोय, तर आता सविस्तर लिहितो, सुरू करताना मला असं काही वाचायला मिळालं असतं तर दोन महिने वाचले असते. सॉफ्टवेअर फुकट आहे, इन्स्टॉल पटकन होतं, त्यावर वेळ घालवत नाही.

आमच्याकडे शेवटच्या टप्प्यातल्या चौदा लाइन्स होत्या आणि पेरणी महिनाभर लांबली की उत्पन्नातला त्यांचा क्रम पार उलटापालटा व्हायचा. का होतोय ते नुसत्या उत्पन्नाच्या आकड्यावरून कळत नाही, आणि प्रत्येक जमिनीत प्रत्येक तारखेला ट्रायल लावणं कुणालाच शक्य नाही. मॉडेलला माती, रोजचं हवामान (कमाल-किमान तापमान, पाऊस, सौर किरणोत्सर्ग) आणि लाइनचे गुणांक (तिचा स्वभाव सांगणारे आकडे) दिले की तीच लाइन तीस वर्षांच्या हवामानावर चालवून बघता येते. मला पाहिजे होतं ते एवढंच.

पण सगळी गोम त्या गुणांकांत आहे. एकेका लाइनसाठी कल्टिव्हर फाइलमध्ये पंधरा-अठरा आकडे असतात: उगवणीपासून फुलापर्यंत किती फोटोथर्मल दिवस (तापमान आणि दिवसाची लांबी धरून मोजलेले दिवस), पहिल्या दाण्यापासून पक्वतेपर्यंत किती, पानाचा प्रकाशसंश्लेषणाचा कमाल वेग, रोजच्या वाढीतला जास्तीत जास्त किती हिस्सा शेंगांकडे जाणार, दाणा भरायला किती काळ, वगैरे. मी काय केलं, नुसतं शेवटचं उत्पन्न जुळवत बसलो. प्रकाशसंश्लेषण वाढवलं आणि शेंगांकडचा हिस्सा कमी केला तरी उत्पन्न तेच येतं हो! म्हणजे दोन वेगळ्या स्वभावाच्या लाइन्स कागदावर एकसारख्या. पहिल्या पेरणीला झकास जुळलं, तेच गुणांक उशिराच्या पेरणीवर चालवले तर साफ कोसळलं. मग दर दोन आठवड्यांनी झाडं उपटून पानं, खोड, शेंगा वेगवेगळ्या वाळवून घेतलेली वजनं टाकली, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. आधी फुलोरा आणि पक्वतेच्या तारखा जुळवा, मग पानं आणि एकूण बायोमास (झाडाचं वाळलेलं वजन), शेंगा-दाणे सगळ्यात शेवटी. ग्लू नावाचं टूल गुणांक आपोआप काढून देतं पण ते डोळे झाकून घेऊ नका, त्यालाही शेतातली नीट मोजमापं लागतात.

पक्वतेची तारीख भुईमुगात फार अवघड. फुलं येतच राहतात, आऱ्या (फुलानंतर जमिनीत जाणारे, टोकाला शेंग धरणारे देठ) जमिनीत उतरतच राहतात, एकाच झाडावर कोवळी शेंग आणि भरलेली शेंग दोन्ही, त्यामुळे वरून बघून काही ठरत नाही, शेंगा फोडून टरफलाची आतली बाजू काळपट झालीय का ते बघावं लागतं. आमच्या जुन्या नोंदी अंदाजे होत्या, त्या फेकून परत घेतल्या.

मग गुणांक जुळवायला न वापरलेल्या तिसऱ्या पेरणीवर तपासलं. वरच्या चार आणि तळाच्या लाइन्स बरोबर ओळखल्या, मधल्या मात्र एकमेकींच्या जागी सरकल्या, तेव्हा थोड्या फरकावर लाइन बाद करू नका. खरा आनंद एका लाइनचा झाला, लवकर पेरली की पहिली आणि उशिरा पेरली की मागे. मॉडेलमध्ये दिसलं की तिचा दाणे भरायचा काळ लांब आहे आणि उशिराच्या पेरणीत नेमका तेव्हाच जमिनीतला ओलावा संपतो. नंतर शेतात बघितलं तर खरंच अर्धवट भरलेले दाणे.

टिक्का रोग (पानांवर ठिपके पाडणारी बुरशी) मॉडेलला आपोआप कळत नाही, हे मोठं बंधन. एका लाइनचं उत्पन्न ते सतत जास्त दाखवत होतं, मी गुणांक खालीवर करत राहिलो, आणि कारण काय तर रोगानं तिची पानं आधीच गळली होती. पानगळ मोजून वेगळी द्यावी लागते. कॅल्शियम कमी पडून शेंगा पोचट राहिल्या तर तेही यात येत नाही.

फाइल्स जुन्या पद्धतीच्या, एक स्पेस सरकली की आकडा चुकीच्या रकान्यात जातो आणि मॉडेल चालतं तरी, म्हणून प्रत्येक रनचं आउटपुट बघाच.

सुरुवातीच्या पिढ्यांतल्या शेकडो लाइन्ससाठी हे नाही, एवढी झाडं उपटून वाळवणार कोण. शेवटच्या दहा-वीस लाइन्ससाठी मात्र मी आता सोडणार नाही, येत्या हंगामात टिक्क्याची पानगळ पण दर आठवड्याला मोजणार आहे, आणि ती उशिरा मागे पडणारी लाइन कमी दिवसांच्या लाइनशी क्रॉस करायला घेतलीय.